आपत्तीनंतरच्या पुनर्वसनावर काम करणाऱ्या विद्यापीठ केंद्राशी कसं जोडून घ्यावं? इंजिनिअर नसलं तर चालतं का?

चालतं. तुम्ही सांगलीचे, समाजशास्त्रात एमए करताय, २०१९ चा पूर स्वतः पाहिलाय आणि आता त्याच विषयात काम करायचंय, असं लिहिलंय. मी अशा एका केंद्रासाठी लातूर-धाराशिवच्या भूकंपग्रस्त गावांत सर्वेक्षण केलंय, म्हणून तिथलंच सांगतो.

बचावकार्य लवकर आटोपतं, पुनर्वसनाचा अभ्यास मात्र वर्षानुवर्षं चालतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली आणि ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. घरं शेतीच्या हिशेबाने दिली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. कागदावर चोख! गावात “घर मिळालं का?” विचारलं की “मिळालं की” एवढंच उत्तर येतं. “कडबा कुठं ठेवता?” विचारून बघा. मग मावशी तुम्हाला घरामागे नेऊन पत्र्याची शेड दाखवतात, म्हैस कुठं बांधायची यावरून शेजाऱ्याशी झालेली भांडणं सांगतात. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात धान्य साठवायला बळद होतं, इथं पोती पलंगाखाली, हेही ओघात येतं.

भिंत का पडली हे इंजिनिअर सांगेल. घर कोणाच्या नावावर झालं, विधवा सुनेचं नाव का लागलं नाही, हे शोधायला सातबारा आणि आठ-अ हे उतारे वाचता येणारा, गावची बोली समजणारा माणूस लागतो. तुमची खरी पात्रता ती.

महाराष्ट्रात मी आधी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे (टिस) बघेन. तिथे जमशेटजी टाटा स्कूल ऑफ डिझास्टर स्टडीज आहे. किल्लारीच्या पुनर्वसनात लोकसहभागाच्या कामासाठी टिसला नेमलं होतं, त्यामुळे हा विषय तिथे नवा नाही. वाचायला अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या डिझास्टर रिसर्च सेंटरचे जुने निबंध मोफत मिळतात. हे केंद्र १९६३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात सुरू झालं आणि १९८५ मध्ये डेलावेअरला आलं. सगळे वाचत बसू नका, दोन-चार पुरेत.

“मला आपत्ती व्यवस्थापनात रस आहे” अशी मेल पाठवू नका. त्या ढिगाने येतात. तुमची एक गल्ली घ्या आणि एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, पुरानंतर भाडेकरूंची मदत कोणाच्या नावावर निघाली? चार-पाच घरांत बोलून एक पान लिहा आणि ज्यांचा विषय जुळतो अशा एकाच प्राध्यापकांना पाठवा. महिनाभर उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा, त्यात कमीपणा नाही.

सुरुवातीला बहुतेक वेळा मुलाखती उतरवून काढायचं आणि एक्सेलमध्ये आकडे भरायचं काम मिळेल. ते घ्या, दुसऱ्याने विचारलेले प्रश्न ऐकूनच आपले सुधारतात. गावात मात्र “तुमच्या आधीचेही लिहून घेऊन गेले, पुढं काय झालं?” हे ऐकावंच लागतं. नुकसानभरपाई मिळवून देऊ असं चुकूनही सुचवायचं नाही, आणि घरच्यांना बोलायचं नसेल तर वही मिटून उठायचं.

प्रवासखर्च आणि मानधनाचं निघण्याआधी लेखी विचारून घ्या. “अनुभव मिळेल” एवढंच उत्तर आलं, तर निदान एसटीचं भाडं तरी मागा.