इम्प्लांट आहे, मग गाणं बेसूर का?

प्रश्न: बहिणीला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) बसवून वर्ष झालं, बोलणं मस्त कळतं तिला, पण गाणं लावलं की म्हणते डब्यात खडे हलवल्यासारखं वाटतंय. मशीन बिघडलंय का?

उत्तर: बहुतेक नाही हो, खूप जणांचं असंच होतं. कानात आवाज पकडणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण ३,५०० आणि इम्प्लांटमध्ये त्यांच्याऐवजी नसेला विजेचे संकेत देणारे इलेक्ट्रोड फक्त १२ ते २२, म्हणजे पियानो बोटांऐवजी कोपराने वाजवल्यासारखं, त्यामुळे ठेका बरोबर कळतो पण सूर निसटतो, बोलण्याचं मात्र तेवढ्यात भागतं. आधी पाठ असलेलं गाणं लावा, एकच वाद्य आणि एकच आवाज असलेलं, शब्द समोर ठेवून, आणि रोज थोडं थोडं (सगळा ऑर्केस्ट्रा एकदम नको, डोकंच उठेल तिचं). ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) म्युझिकसाठी वेगळी सेटिंग मिळते का तेही विचारा, लोक विचारतच नाहीत.

आणि एक गंमत करून बघा, फुगवलेला फुगा दोन्ही तळहातांत धरून स्पीकरसमोर बसवा तिला, खालचे सूर हाताला चक्क जाणवतात. स्कॉटलंडची एव्हलिन ग्लेनी जवळजवळ ऐकू येत नसताना अनवाणी उभी राहून तालवाद्यं वाजवते, कंपनं पायातून घेते.