गोळ्या मिळतील, पण तुझ्याकडे लक्ष कोण ठेवणार?

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोपायची वेळ टळून गेली. माझ्या बाबतीत ती साधी गोष्ट नाही, तुलाही ते कळेल. म्हणून फोन बाजूला ठेवला आणि हे उत्तर दोन दिवस सकाळी बसून लिहिलं.

तू लिहिलंयस की तू ऐरोलीचा, वय सत्तावीस. तीन वर्षांपूर्वी बायपोलरचं, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याच्या आजाराचं, निदान झालं, त्यावर लिथियमची गोळी चालू आहे, दीड वर्ष तब्येत स्थिर आहे. म्युनिकला नोकरी मिळाली आहे, नोव्हेंबरमध्ये रुजू व्हायचंय, आणि आई नको म्हणते. तिथे गोळ्या मिळतात का, कंपनीला सांगावं लागतं का, एकट्याला निभेल का, हे तू विचारलंस. दादा म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो.

मी ठाण्यातल्या चरईचा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन म्युनिकला आलो. आजार त्याच्या पाच वर्षं आधीचा. २००९ मध्ये सलग चार रात्री झोपलो नव्हतो. पाचव्या पहाटे तलावपाळीला चकरा मारताना मोठ्या भावाने गाठलं आणि हाताला धरून घरी आणलं. व्हिसा, ब्लू कार्ड, घराची नोंदणी यावर मी काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी पानांवर आहे. तिथे जे नाही ते सांगतो.

आधी गोळ्या. मिळतात. पण नाव वेगळं आणि मापही वेगळं असतं. ठाण्यात माझी गोळी ४०० मिलिग्रॅमची होती, इथे हातात पडली ती ४५० ची. म्हणून डॉक्टरांच्या पत्रावर ब्रँडचं नाव चालत नाही. लिथियम कार्बोनेट, दिवसाला किती, कधीपासून, रक्तातल्या लिथियमच्या शेवटच्या तीन-चार लेव्हल किती, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइड किती, हे सगळं इंग्रजीत लिहून घे. येताना तीन महिन्यांपुरता साठा स्वतःच्या सामानात, मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट आण. नंतर संपल्या तर आईला कुरिअर करायला सांगू नकोस. युरोपबाहेरून औषधं पोस्टाने मागवायला इथे परवानगी नाही. माझं पार्सल कस्टमने अडवलं होतं. ते सोडवायला मी तीन पत्रं लिहिली, एकदा अर्धा दिवस रजा घेऊन स्वतः गेलो, आणि शेवटी गोळ्या नष्ट केल्याचा कागद घरी आला. तो अजून माझ्या फायलीत आहे. मनोविकारतज्ज्ञाची वेळ मिळायला कित्येक महिने लागतात, पण तोवर साधा फॅमिली डॉक्टरही गोळी लिहून देऊ शकतो आणि रक्त तपासू शकतो. आल्या आल्या, घर शोधायच्या आधी, त्याच्याकडे जा.

आता माझी चूक ऐक. लिथियमची लेव्हल शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी बघायची असते. म्हणजे रात्रीची गोळी घ्यायची, सकाळची न घेता रक्त द्यायचं, मग गोळी. ठाण्यात लॅबमधला माणूसच दारात विचारायचा, ‘सकाळची घेतली नाही ना?’ २०१६ मध्ये इथे मला साडेअकराची वेळ मिळाली. मी सवयीने सकाळची गोळी घेऊन गेलो. कोणी विचारलं नाही, आणि मला जर्मनमध्ये धड सांगताही आलं नसतं. ताज्या गोळीमुळे आकडा चढलेला आला, १.१. माझा नेहमीचा ०.७ च्या आसपास असायचा. डॉक्टरांनी तो आकडा खरा धरून डोस बराच उतरवला.

दोन महिन्यांनी गणपती आले. इथल्या मराठी मंडळींच्या उत्सवाची सजावट मी एकट्याने अंगावर घेतली. ऑफिस करून रात्री तीनपर्यंत थर्माकोल कापत बसायचो, साडेपाचला ताजातवाना उठायचो, सकाळच्या आरतीला पहिला हजर. तीन रात्रींत कोपिनेश्वराचं देऊळ उभं केलं. सगळे कौतुक करत होते, ‘काय उत्साह आहे यांचा!’ एकालाही शंका आली नाही, आणि येणार तरी कशी? त्यांनी मला दोन वर्षं, तेही फक्त सणावारी, पाहिलेलं. भावाने माझा आवाज फोनवर ऐकला आणि बायकोला वेगळा फोन करून विचारलं, ‘हा झोपतोय का?’ तिला तोवर वाटत होतं की नवरा कधी नव्हे तो परदेशात रमला. तीन आठवडे रुग्णालयात काढले.

मला खरं सांगायचंय ते हेच. आजार विमानात तुझ्याबरोबरच बसतो, त्याची तुला कल्पना आहे. मागे राहतात ती तुझ्याआधी तुझी चाहूल घेणारी माणसं. चरईतला आमचा केमिस्ट स्ट्रिप न्यायला चार दिवस उशीर झाला तर टोकायचा. आई ताटातली उरलेली पोळी बघून ओळखायची. समोरच्या काकू म्हणायच्या, ‘दिवा रात्रभर चालू होता तुझ्या खोलीतला.’ तेव्हा त्या सगळ्याचा मला जाच वाटायचा. आम्ही ठाण्याचे, त्यामुळे ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद लहानपणापासून ऐकलेला. १९०१ पासूनचं ते मनोरुग्णालय आमच्या गावाचं नाव होऊन बसलंय. २००९ मध्ये आईने शेजारी सांगितलं की मुलाला टायफॉइड झालाय. इथे उतरलो तेव्हा पहिली भावना हीच होती की सुटलो, इथे कोणालाच माहीत नाही. फार मोकळं वाटलं होतं रे. पण ज्यांना माहीत नसतं, ते हाकही मारत नाहीत.

म्हणून ऐरोलीहून निघण्याआधी एक कागद लिही. मेरी एलन कोपलंड नावाच्या अमेरिकन बाईंनी, ज्यांना स्वतःला हाच आजार होता, अशाच अनुभवातून गेलेल्या लोकांबरोबर नव्वदच्या दशकात याची एक पद्धत बसवली. तिला रॅप (WRAP, Wellness Recovery Action Plan) म्हणतात. तुझा आराखडा तू स्वतः, बरा असताना लिहायचा. बरा असतो तेव्हा मी कसा असतो, रोज काय केलं की तसा राहतो, कशाने बिघडतं, बिघडायला लागलं की पहिली खूण कोणती, आणि माझ्या हातातून गेलं तर कोणी काय करायचं. डॉक्टरांचं पुस्तक उतरवून काढू नकोस. ‘झोप कमी होणे’ असं लिहिलंस तर त्याचा उपयोग नाही. माझ्या कागदावर आहे: दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरी दमलो नाही. ऑफिसची मेल रात्री एकनंतर गेली. बोलताना बायकोचं वाक्य मी पुरं करतो. आणि दुसऱ्या बाजूची एकच खूण: पत्रपेटी उघडलेली नाही.

ही शेवटची खूण मला जर्मनीने दिली. इथे सगळं कागदावर चालतं. विमा, कर, घरमालक, शाळा, वीज, सगळ्यांची पत्रं येतात आणि प्रत्येकात एक तारीख असते. इमारतीच्या दाराशी पत्र्याच्या पेट्यांची रांग, आणि आमच्या पेटीची चावी माझ्याकडे. मन खाली गेलं की मी त्या पेटीसमोरून मान वळवून जातो. वर येऊन स्वतःला सांगतो, उद्या.

२०१८ चा वसंत तसाच गेला. फेब्रुवारीपासून मी खाली होतो. एप्रिलअखेर सासऱ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि बायको सहा आठवडे ठाण्याला गेली. मीच म्हणालो, जा, मी ठीक आहे. मुलगी चौथीत होती. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथी म्हणजे काय ते कोणी येताना सांगत नाही. मे महिन्यात एक दाखला मिळतो, आणि जर्मन, गणित व परिसर अभ्यास या तीन विषयांच्या सरासरीवर दहा वर्षांच्या मुलाची पुढची शाळा ठरते. गिम्नाझिउमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, जायचं तर २.३३ किंवा त्याहून चांगली सरासरी लागते. इथे १ म्हणजे सर्वोत्तम. तिला गणितात २, बाकी दोन्हींत ३. सरासरी २.६६, म्हणजे रेआलशूले, त्याखालची माध्यमिक शाळा. एका विषयात एक आकडा इकडचा तिकडे झाला असता तर पुरलं असतं. त्या हिवाळ्यात तिच्याबरोबर जर्मन वाचायला मी बसलो नव्हतो. तरीही एक वाट असते: पालकांनी मुदतीत अर्ज केला तर मुलांना तीन दिवसांची चाचणी देता येते. त्याचा कागद शाळेने तिच्या हातात दिला होता.

तो मला जुलैमध्ये सापडला, तिच्या खणात, चित्रकलेच्या वहीखाली, नीट चौकोनी घडी घातलेला. मी विचारलं, दिला का नाहीस? ती म्हणाली, ‘बाबा, तू झोपलेला होतास ना, तुला त्रास नको म्हणून.’ दुपारचे तीन वाजलेले असताना झोपलेला. म्युनिकमध्ये माझी चाहूल घेणारं एक माणूस होतं, ते दहा वर्षांचं होतं, आणि आपण काय करायचं ते त्याने आपल्या परीने ठरवून टाकलं होतं.

तिचं वाईट झालं नाही. रेआलशूले चांगली होती, आता ती पुढच्या शाळेत आहे आणि तिथूनही उच्च शिक्षणाचा रस्ता आहे. बायको म्हणते, किती दिवस तेच धरून बसशील. पण शाळेच्या त्या नियमाचा मला अजून राग येतो. दहा वर्षांच्या पोराची वाट कोणी ठरवतं का! आणि तो राग पुरता शाळेवरच आहे का, याची मला खात्री नाही.

तेव्हापासून पेटीच्या दोन चाव्या आहेत. माझ्या आराखड्याच्या कागदाची एक प्रत भावाकडे, एक बायकोकडे, एक इथल्या एका मित्राकडे. तिघांना एकच प्रश्न विचारायची मुभा दिली आहे: ‘पेटी उघडलीस का?’ त्यावर मी चिडायचं नाही, हेही लिहिलंय. तू एकटा येतोयस, म्हणून तुला इथलं एक माणूस लागेलच. पहिल्या महिन्यात सापडलं नाही तरी चालेल, तोवर घरचं कोणीतरी रोज ठरल्या वेळी व्हिडिओवर तुझा चेहरा बघू दे. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. जमतं. माझं समुपदेशन अजून ठाण्यातल्याच बाईंकडे असंच चालतं. इथल्या डॉक्टरांना गोळ्यांचं सगळं सांगता येतं, पण घालमेल होते म्हणजे काय होतं ते मला जर्मनमध्ये आजही सांगता येत नाही.

कंपनीचं. सांगायची सक्ती नाही. आजारपणाच्या ज्या दाखल्यावर रजा मिळते, त्यातून मालकाला निदान कळत नाही, आणि साधारणपणे पहिले सहा आठवडे पूर्ण पगार चालू राहतो. मी माझ्या साहेबांना तिसऱ्या वर्षी सांगितलं, ती माझी निवड.

विम्याचं मात्र नीट ऐक. तुझा पगार एका मर्यादेच्या वर असेल तर एजंट गोड बोलून खासगी विमा गळ्यात मारायला बघेल, तरुण आहेस, स्वस्त पडेल म्हणून. खासगीवाले आरोग्याचे प्रश्न विचारतात. खरं लिहिलंस तर नाकारू शकतात, लपवलंस तर पुढे करार मोडू शकतात. सार्वजनिक विमा हे प्रश्न न विचारता घेतो. तोच घे.

बारीकसारीक राहिलं. इथे डोकं दुखलं की सहकारी इबुप्रोफेन पुढे करतात. लिथियमबरोबर ती नको, लेव्हल चढते. पॅरासिटामॉल चालते का ते डॉक्टरांना विचारून ठेव. उलट्या-जुलाब, सौना, नवरात्रातले कडक उपास, म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ ज्याने घटतं ते सगळं जपून. विमान मध्यरात्रीनंतरचं घेऊ नकोस, ती एक गेलेली रात्र महागात पडते. भारतात परत येताना तर रात्र आणखी छोटी होते. मी पोचल्यावर पहिले दोन दिवस कोणालाच भेटत नाही, मावशी रागावली तरी.

एकटेपणाबद्दल सगळे विचारतात. तो असतो. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जास्त असतो. त्याने मला कधी आजारी पाडलं नाही, अंधाराने पाडलं. डिसेंबरात इथे सकाळी आठला उजाडतं आणि साडेचारच्या आत मावळतं. नोव्हेंबरात उतरलास तर बॅग उघडायच्या आत तू त्यात असशील. कंपनीला मार्च किंवा एप्रिलची तारीख माग. कारण सांगायची गरज नाही, घरची अडचण म्हण, बहुतेक वेळा देतात. प्रकाशाच्या दिव्यासमोर बसायचा उपाय इथे सर्रास करतात, पण आपल्या आजारात तो उलटून मन वर उडवू शकतो, तेव्हा स्वतःहून विकत आणू नकोस.

आणि बव्हेरियात रात्री-अपरात्री काही वाटलं तर ०८०० ६५५३००० या क्रमांकावर चोवीस तास कोणीतरी असतं. निघेपर्यंत तिकडे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहेच.

आई नको म्हणते, तर तिच्याशी वाद घालू नकोस. कागद लिहिताना तिला शेजारी बसव आणि विचार, आई, मी बिघडायला लागलो की तुला आधी काय दिसतं? माझ्या आईने मला २०१९ मध्ये सांगितलं की मी खाली जायच्या आधी आठवडाभर चहा अर्धा ठेवतो. दहा वर्षं तिला माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं.