उबंटू टाकल्यापासून लॅपटॉपचा आवाज फाटतो आणि तडतडतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवरचं विंडोज काढून उबंटू 24.04 (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, तेव्हापासून गाणी फाटल्यासारखी वाजतात, मधूनच तडतड होते, आणि ब्लूटूथ हेडफोन लावून मीटिंग सुरू केली की आवाज फोनवरून आल्यासारखा होतो. पुन्हा इन्स्टॉल करू का, असंही विचारलंय. कृपया नका करू. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, तिन्हींची कारणं वेगळी, आणि नव्याने इन्स्टॉल करून त्यातली एकही जाईल असं मला वाटत नाही.

आधी फाटण्याचं बघू. वायरचा साधा हेडफोन लावा आणि तेच गाणं ऐका. त्यातही फाटत असेल तर बहुधा सिग्नलच मर्यादेबाहेर जातोय. सेटिंग्जमध्ये ओव्हर-अ‍ॅम्प्लिफिकेशन चालू असेल तर व्हॉल्यूम 100 टक्क्यांच्या पुढे जातो. तिथली मोजपट्टी घनाच्या हिशोबाने चालते (1.5 × 1.5 × 1.5), त्यामुळे 150 टक्के म्हणजे दीडपट नव्हे. लहरीची उंची जवळजवळ 3.4 पट होते, म्हणजे सुमारे साडेदहा डेसिबल जास्त. हल्लीची बरीच गाणी आधीच कमाल पातळीला टेकलेली असतात. त्यांना आणखी वर जायला जागाच नसते, मग लहरींचे माथे सपाट छाटले जातात आणि तेच आपल्याला फाटलेलं ऐकू येतं. व्हॉल्यूम 100 वर किंवा त्याखाली आणा. मग टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) अल्सामिक्सर (alsamixer) उघडा, एफ6 दाबून आपलं साउंड कार्ड निवडा आणि मास्टर, स्पीकर, पीसीएम या आवाजाच्या पट्ट्यांवर एकेक करून जा. वरच्या बाजूला डेसिबल गेन दिसतो. तो शून्याच्या वर असेल तर शून्यावर आणा.

हेडफोनवर स्वच्छ आणि फक्त स्पीकरवर फाटत असेल तर गोष्ट वेगळी. अनेक लॅपटॉपमध्ये कंपनीचा विंडोज ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) त्या इवल्याशा स्पीकरना झेपेल असा आवाज घडवून देतो, खालचे सूर कमी करतो. लिनक्समध्ये तो थर नसतो आणि सगळा बास जसाच्या तसा स्पीकरवर येऊन पडतो. ईझीइफेक्ट्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि इक्वलायझरमध्ये 150 हर्ट्झच्या खालचं कमी करून बघा. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्याने आवाज नुसता फाटायचा थांबत नाही, खरंच गोड होतो.

ब्लूटूथचं थोडक्यात: हेडफोनचा माइक सुरू झाला की जोडणी गाण्यांच्या प्रोफाइलवरून (आवाज पाठवायच्या पद्धतीवरून) कॉलच्या प्रोफाइलवर जाते, आणि त्यात आवाज मोनो व कमी दर्जाचा असतो. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, प्रोफाइल बदलणार नाही.

आता तडतड. ही बहुतेक वेळा बफरची, म्हणजे पुढचा आवाज आधीच भरून ठेवायच्या तात्पुरत्या जागेची असते. 24.04 मध्ये आवाजाचं काम पाइपवायर हे सॉफ्टवेअर बघतं. ते आवाज तुकड्यांत पाठवतं, आणि 1024 नमुन्यांचा तुकडा 48000 हर्ट्झवर (सेकंदाला 48000 नमुने) जेमतेम 21 मिलिसेकंद पुरतो. तेवढ्या वेळात प्रोसेसरने पुढचा तुकडा तयार केला नाही की मध्ये खंड पडतो आणि 'तड' असं ऐकू येतं. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (pw-top) चालवा, गाणं लावा आणि ईआरआर (ERR, चुकांची मोजणी) हा रकाना बघत राहा. तडतडीबरोबर तिथला आकडा वाढला तर निदान पक्कं. मग पॉवर मोड बॅटरी वाचवण्यावर असेल तर बॅलन्स्डवर आणा. तरीही भागलं नाही तर पीडब्ल्यू-मेटाडेटा (pw-metadata) या कमांडने क्लॉक.फोर्स-क्वांटम (clock.force-quantum) या तुकड्याचा आकार ठरवणाऱ्या सेटिंगला 2048 द्या. तुकडा दुप्पट मोठा होतो, आवाज किंचित उशिरा येतो, पण गाणी-सिनेमांना त्याने काही फरक पडत नाही. ही सेटिंग मशीन पुन्हा सुरू केल्यावर पुसली जाते, म्हणून निर्धास्तपणे करून बघा. फायदा झाला तरच कॉन्फिगरेशन फाइलमध्ये कायमची लिहा.

आणि आवाज सुरू होतानाच एकदा 'टक्' होत असेल, नंतर सगळं ठीक, तर ते साउंड कार्ड झोपेतून जागं होण्याचं लक्षण. इंटेलच्या एचडीए (साउंड कार्डच्या) ड्रायव्हरचं पॉवर सेव्ह (power_save) शून्य केलं की बहुधा जातं.

एवढं करूनही तडतड राहिली तर ईआरआर कुठल्या ओळीत वाढतो, साउंड कार्डच्या की ब्राउझरच्या, ते खाली लिहा. लॅपटॉपचं मॉडेल आणि कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्तीही द्या, मग पुढचं बघता येईल.