सेंट्रिंगची टोळी की आयटीआय? खानापूर तालुक्यातल्या एका पालकाला उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातला मजकूर थोडक्यात असा. मुलगा यंदा मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झाला, 54 टक्के, वय 16. त्याचा मामा गोव्यात सेंट्रिंगची (स्लॅब ओतण्याआधी फळ्या-टेकू बांधण्याची) कामं घेतो आणि "लगेच पाठवा, हजेरी चालू करतो" म्हणतो. त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियन करावं अशी तुमची इच्छा. शेजारी म्हणतात, दोन वर्षं फुकट जातील. आणि तुम्ही विचारता, बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात बांधकामातल्या नेमक्या कुठल्या कामाला पुढे मागणी राहील?

आधी मामांचं. सोळाव्या वर्षी सेंट्रिंगवर पाठवू नका. अठराखालच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी 18 ते 60 या वयातच होते, तीही मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला असेल तर. स्लॅबखालचा टेकू सरकून मुलगा जायबंदी झाला तर मंडळाची मदत नाही, आणि ठेकेदार तो आपल्याकडे कामाला होता हेच कबूल करणार नाही. आयटीआयची दोन वर्षं म्हणजे सोळा ते अठरा हाच काळ. फुकट जाण्याजोगं त्यात काही नाही.

आता बाजाराकडे या. बेळगावात माणसांचा तुटवडा आहे असं सगळे ठेकेदार म्हणतात, पण तो सगळ्या कामांत सारखा नाही. सेंट्रिंग, सळई बांधणी, खोदकाम यांसाठी विजयपूर-बागलकोटकडून आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून टोळ्या येतात. गिऱ्हाईक टोळीला ओळखत नाही, ठेकेदाराला ओळखतं. त्यामुळे दर वाढला तरी वाढ मधेच अडते. शिवाय जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीकडे आणि गोव्यातही पाऊस असा असतो की स्लॅबचं काम रेंगाळतं. तीन-चार महिने हजेरी तुटते. तेव्हा गावी येऊन भात लावणीला उपयोग होतो हे खरं, पण तो पगार नव्हे.

पावसात थांबत नाही ते छताखालचं काम: वायरिंग, प्लंबिंग, फरशी. घर बांधून झालं तरी ही कामं संपत नाहीत, दुरुस्ती चालूच राहते आणि गिऱ्हाईक तुमच्या मुलाचाच नंबर जपून ठेवतं. बेळगावच्या टिळकवाडी, शहापूर, अनगोळ भागातली जुनी घरं पाडून जागेवर अपार्टमेंट उभी राहतात. एका अपार्टमेंटमध्ये जितके फ्लॅट तितकी मीटर, तितके गीझर. म्हणून तुमची निवड योग्य आहे.

इलेक्ट्रिशियनला कागदाला किंमत आहे, हे त्याचं मोठं बळ. हेस्कॉमकडून (आपल्याकडची सरकारी वीज कंपनी) नवीन जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा अहवाल लागतो. हा परवाना राज्याच्या विद्युत निरीक्षणालयाकडून मिळतो आणि तिथवर जायला आयटीआयचं प्रमाणपत्र आणि कामाचा अनुभव हा सरळ रस्ता आहे. परवाना नसलेला वायरमन कितीही हुशार असला तरी सही दुसऱ्याची घेतो आणि त्या सहीचे पैसे देतो. सरकारी नोकरीच्या आशेने मात्र हा ट्रेड घेऊ नका. वीज कंपन्यांतल्या कनिष्ठ पॉवरमनची (लाइनमनची) भरती एसएसएलसीच्या गुणांवर आणि खांबावर चढण्याच्या चाचणीवर झालेली आहे. 54 टक्क्यांत तिथे नंबर लागणं कठीण.

छतावरच्या सोलरबद्दल बरंच ऐकाल. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण कर्नाटकात गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळे 200 युनिटच्या आत, आपल्या ठरलेल्या सरासरीएवढीच वीज वापरणाऱ्या घराला वीजबिलच येत नाही. तो माणूस सोलर कशाला बसवेल? काम आहे ते जास्त बिलाच्या घरांत, उद्यमबागच्या कारखान्यांत, मंगल कार्यालयांत. जोडीला शिकावं, त्यावरच पोट अवलंबून ठेवू नये.

वायरिंगमध्ये चांगला आणि कच्चा कारागीर कसा ओळखतात ते सांगतो. दिव्यांच्या सर्किटला 1.5 चौरस मिमी वायर, 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5 ते 4. हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो न्यूट्रलचा. वेगवेगळ्या आरसीसीबीवरच्या (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) दोन सर्किटांचे न्यूट्रल एका बॉक्समध्ये एकत्र झाले की 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी सारखा पडतो. कच्चा वायरमन कारण शोधत नाही, आरसीसीबी काढून सरळ जोडणी करतो, आणि पुढे गीझरचा करंट लागून माणूस दगावतो. दुसरं, स्लॅबमध्ये टाकलेला पाइप. काँक्रीट ओतताना सेंट्रिंगवाल्यांचा पाय पडून तो दबला की वायर ओढताना अडते आणि नवा स्लॅब फोडावा लागतो. ओतण्याच्या दिवशी इलेक्ट्रिशियन जागेवर उभा हवा. या दोन गोष्टी सांभाळणाऱ्याला बिल्डर सोडत नाहीत.

इलेक्ट्रिशियनला जागा मिळाली नाही तर? त्याला दहावीत गणित-विज्ञान लागतं, ते तुमच्या मुलाकडे आहे. पण जागांसाठी चुरस असते. मग वायरमन (दोन वर्षं) किंवा प्लंबर (एक वर्ष) भरा, दोन्हीला आठवी पास पुरते. फरशीचं काम आयटीआयपेक्षा चांगल्या मेस्त्रीच्या हाताखालीच नीट शिकता येतं, अर्थात वय झाल्यावर. त्यातही आता डोकं लागतं. 12 बाय 14 ची खोली घ्या. "दोन बाय दोन"च्या टाइल्स 42 लागतील असं कोणीही सांगेल. पण ती टाइल 600 मिमीची असते, पूर्ण दोन फुटांची नाही. 12 फूट म्हणजे 3657 मिमी. सहा टाइल्स लावल्या की साधारण 57 मिमीची चिंधी उरते, आणि ती समोरच्या भिंतीला लागली की खोली वाकडी वाटते. दोन्हीकडे सारखा कट ठेवायचा तर ओळीला पाच अख्ख्या आणि दोन कापलेल्या, म्हणजे सात. दुसऱ्या बाजूने तसंच आठ. एकूण 56, चारच्या पेटीने 14 पेट्या. चिंधी कपाटाखाली लपवायची तर 11-12 पेट्यांत भागतं. माल आणण्याआधी हे मालकाला विचारणारा फरशीवाला बेळगावात हवाच असतो. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती धरत नाही. दातेरी थापीने ॲडेसिव्ह पसरावं लागतं. जुन्या पद्धतीने बसवलेल्या फरशीवर ठोकलं की पोकळ वाजते आणि पैसे अडकतात.

खाजगी आयटीआय निवडताना इमारत बघू नका, कार्यशाळा बघा. मुलांना वायरिंगच्या सरावासाठी स्वतंत्र बोर्ड आहेत का, मोटार उघडून परत बांधायला देतात का, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) चालू आहे का, हे विचारा. संलग्नता केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी, लोक अजून एनसीव्हीटी म्हणतात) आहे याची खात्री करा आणि पावती घेतल्याशिवाय फी देऊ नका.

कन्नडचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते महत्त्वाचं. बोलता येतं एवढ्यावर भागत नाही. हेस्कॉमचे अर्ज आणि मंडळाच्या सूचना कन्नडमध्ये येतात. या दोन वर्षांत त्याला कन्नड अर्ज स्वतः वाचून भरता आला पाहिजे.

आयटीआयनंतर वर्षभर अप्रेंटिसशिप करू द्या, शक्यतो मोटार आणि पॅनेलचं काम असलेल्या कारखान्यात. अठरा झाल्यावर कामाला लागला की पहिल्या दिवसापासून तारीख, मालक आणि काम वहीत लिहून ठेवायला लावा. 90 दिवसांचा दाखला मागताना हीच वही उपयोगी पडते. बोगस कार्डांमुळे आता तपासणी कडक आहे, म्हणून एजंटाकडून कार्ड काढू नका.

त्यानंतरही गोव्याला जायचं असेल तर जाऊ द्या, पण मामांकडून उचल घेऊन नाही. अंगावर काम घ्यायचं असेल तर माप कसं धरायचं, दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, शेवटचा हप्ता कधी, हे काम सुरू होण्याआधी कागदावर हवं.