वाचकांचे प्रश्न : लहान मुलांचा संधिवात

प्रश्न : माझी नात चार वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून तिचा उजवा गुडघा सुजलाय. सकाळी लंगडते, अकरापर्यंत धावायला लागते. दुखतं असं म्हणत नाही. रक्ततपासणीत आरए फॅक्टर (संधिवाताची तपासणी) निगेटिव्ह, एएसओ मात्र वाढलेला. दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्या असं सांगितलंय. घ्यावं का? – एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, एएसओ वाढला म्हणजे घशाला कधीतरी स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेला, एवढंच. शाळेत जाणाऱ्या कितीतरी धडधाकट मुलांतही तो वाढलेला सापडतो. पेनिसिलीन सांगितलंय ते ऱ्हुमॅटिक फीव्हरच्या, म्हणजे या संसर्गानंतर सांधे आणि हृदयाला होणाऱ्या आजाराच्या शंकेने. त्यातली सूज सहसा एका सांध्यात टिकत नाही. आज गुडघा, परवा घोटा अशी ती फिरते, ताप असतो, दुखणं इतकं की मूल पाय टेकवत नाही. शिवाय चौथ्या वर्षी तो आजार क्वचितच होतो. तरी इंजेक्शनं सुरू झाली असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाची एको करून घ्या आणि मग डॉक्टरांना विचारा.

एकच सांधा, सहा आठवड्यांहून जास्त सूज आणि सकाळचा आखडलेपणा ही लक्षणं जुव्हेनाइल आर्थ्रायटिसकडे, म्हणजे लहान मुलांच्या संधिवाताकडे बोट दाखवतात. आरए फॅक्टर बहुतेक मुलांत निगेटिव्हच येतो, त्यावर विसंबू नका. मूल दुखतं म्हणत नाही यावरही नाही. लहान मुलं तक्रार करत नाहीत, पाय वाकडा ठेवून खेळतात. दुपारच्या ओपीडीत नात नीट चालेल आणि डॉक्टरांना काहीच दिसणार नाही, म्हणून उठल्याउठल्या चालतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. दोन्ही पायांची लांबीही मोजायला सांगा, सुजलेल्या गुडघ्याचा पाय जास्त वाढतो.

रात्री हाडं दुखून मूल रडत उठत असेल, फिकट दिसत असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) नाही हे ठरेपर्यंत स्टेरॉइड देऊ नये. दिलं तर खरा आजार झाकला जातो.

आता सर्वांत महत्त्वाचं, डोळे. अशा मुलांत डोळ्याच्या आत सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, नजर कमी झाल्यावरच कळतं. रक्तातला एएनए (डोळ्यांचा धोका सांगणारी तपासणी) तपासून घ्या. तो पॉझिटिव्ह असेल तर एवढ्या लहान वयात दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या आतलं दाखवणारं यंत्र) तपासणी हवी, गुडघ्याची सूज उतरली तरी. त्यासाठी मुंबई गाठायला नको, इंदुरातल्या नेत्रतज्ज्ञाकडे होते.

प्रश्न : मुलाला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू आहे. पिवळी गोळी दिसली की उलटी करतो. काय करावं? – एक पालक, नंदानगर, इंदूर

उत्तर : वार बदला. शनिवारी जेवणानंतर, झोपायच्या आधी द्या, म्हणजे मळमळ झोपेत जाते. शुक्रवारपासून "उद्या गोळी" म्हणू नका. डॉक्टरांना विचारून ओन्डान्सेट्रॉन हे उलटी थांबवणारं औषध अर्धा-एक तास आधी देता येतं. तरीही जमलं नाही तर मेथोट्रेक्सेटच कातडीखाली इंजेक्शनने मिळतं. फॉलिक अॅसिड चुकवू नका.

हे औषध आठवड्यातून एकदाच! सगळ्यात धोक्याची चूक इथे होते: चिठ्ठीवरचा वार कुणी वाचत नाही आणि गोळी रोज दिली जाते. मग आधी तोंड येतं, पाठोपाठ रक्तातल्या पेशी उतरतात. शनिवारच्या चौकोनात कॅलेंडरवर खूण करूनच पाकीट आत ठेवा. दुसरं, 2.5 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या लिहिलेल्या असताना दुकानातून 10 मिलिग्रॅमचं पाकीट मिळालं तर चार गोळ्यांचे 10 ऐवजी 40 मिलिग्रॅम होतात. प्रत्येक वेळी आकडा वाचा.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, चौथ्या आठवड्यात निराश होऊन सोडू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) ठरल्या तारखेला करा. जोराचा ताप आला तर त्या शनिवारची मात्रा देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा. सेप्ट्रानसारखं सल्फाचं औषध सोबत नको, आणि कांजिण्या-गोवराची लस विचारल्याशिवाय टोचू नका.

प्रश्न : दही, चिंच, आंबट बंद करावं का? – एक आई, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : नाही. दही उलट द्या, स्टेरॉइड चालू असेल तर कॅल्शियम हवंच.