होडीच्या फायबरचं काम येतं, मग सिडनीत गॅरेजमध्ये स्वतःचा पहिला सर्फबोर्ड बनवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव मालवणकडचं, तिथे फायबरच्या होड्यांवर हात चाललेला आहे. आता राहणं सिडनीत डी व्हाय या किनाऱ्यालगतच्या उपनगरात, वजन ७४ किलो. वर्षभर मऊ फोमच्या बोर्डवर शिकून झालंय आणि पहिला कडक बोर्ड स्वतःच करायचा आहे. होडीची मॅट (तुटक काचतंतूंची चटई) आणि जीपी रेझिन (सर्वसाधारण कामाचं पॉलिस्टर) चालेल का, आणि काय काय बिघडतं?

बनवता येईल. मॅट चालणार नाही, जीपी रेझिनही नको. पैसे वाचवायला करत असाल तर करू नका, जुना मिनी-माल (गोल नाकाचा, लांबट-रुंद बोर्ड) विकत घेणं स्वस्त पडतं. हौस असेल तर पुढे वाचा.

होडीत साचा बाहेर असतो. आधी जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), मग मॅट आणि रोव्हिंग (जाड विणलेलं कापड). साच्यातून काढली की बाहेरचं अंग आपसूक गुळगुळीत येतं, आत ओबडधोबड राहिलं तरी कुणी बघत नाही. सर्फबोर्डात सगळं उलटं. फोमचा ब्लँक, म्हणजे ढोबळ आकाराचा तयार ठोकळा, हाच साचा, तो कायमचा आत राहतो आणि तुमचा शेवटचा हात बाहेर दिसतो. फोमवर राहिलेला खळगा रेझिनने भरून निघत नाही, उलट चकाकी आली की जास्त उठून दिसतो. होडीची सवय तिथे घात करते: ‘पुढच्या थरात झाकून जाईल’ हा हिशोब इथे लागू नाही.

दुसरा फरक वजनाचा. बोर्डाच्या एका बाजूला साधारण १.६ चौरस मीटर कापड लागतं. ४५० ग्रॅमची मॅट टाकली तर ती सातशे ग्रॅम, आणि मॅट स्वतःच्या दुप्पट किंवा जास्त रेझिन पिते. म्हणजे एका थरातच दोन किलोंच्या वर. त्याच जागी ६ औंसाचं विणलेलं कापड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम, नीट ओढलं तर रेझिनसकट पाऊण किलोच्या आत बसतं. पूर्ण बोर्ड साडेचार किलोच्या आसपास राहायला हवा. मॅटने तो लाटेवर वळणार नाही. होडीचं जीपी रेझिन तांबूस असतं आणि उन्हात आणखी पिवळं पडतं. सर्फबोर्डाचं रेझिनही पॉलिस्टरच, पण पारदर्शक आणि ऊन सोसणारं करून विकतात, ते लवकर सेट करणारं कोबाल्टही त्यात आधीच घातलेलं असतं. गावाकडच्या सवयीने वेगळं कोबाल्ट शोधत बसू नका. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता बोर्ड कुठला. सगळ्यांना सहा फुटी टोकदार थ्रस्टर हवा असतो. तळाला तीन फिन (पंख) असलेली ही रचना तुमच्या शेजारच्या नॅराबीनच्या सायमन अँडरसन यांची. १९८१ मध्ये ते त्याच बोर्डावर बेल्स बीचच्या स्पर्धेत मोठ्या लाटांत जिंकले आणि जगभर तीन फिन रूढ झाल्या. फिन तीनच ठेवा, पण आकार मिनी-मालचा घ्या: लांबी ६ फूट ८ इंच, रुंदी साडेएकवीस इंच, जाडी पावणेतीन इंच. ही मापं इथे अजून फूट-इंचातच बोलतात, फक्त घनफळ लिटरमध्ये. हा बोर्ड ४३-४४ लिटरचा होईल. तुमच्या वजनाला आणि एका वर्षाच्या सरावाला तेवढी तरंगण्याची ताकद हवीच. शिवाय गोल आकारात पाच मिलिमीटरची चूक पचते, टोकदार बोर्डात दोन मिलिमीटरचीही दिसते.

ब्लँक पॉलियुरेथेनचा घ्या, मध्ये स्ट्रिंगर (उभी लाकडी पट्टी) असलेला, लांबी ६-१० किंवा ७ फूट. ब्रुकव्हेल तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे. १९६० च्या दशकात सिडनीची बोर्ड बनवण्याची पेठ तिथेच बसली आणि सामान आजही त्या बाजूला मिळतं. ब्लँकला वाक आधीच दिलेला असतो. तो तुम्हाला हवा त्याच्याशी जवळचा निवडा, म्हणजे नोजला (पुढच्या टोकाला) साडेचार इंच आणि टेलला (मागच्या टोकाला) सव्वादोन. वाक रंध्याने बदलायला गेलात तर दोन गोष्टी होतात: बोर्ड पातळ होतो आणि चांगला फोम कचऱ्यात जातो. ब्लँकचा फोम सालीजवळ घट्ट आणि पोटात भुसभुशीत असतो. म्हणून डेकवरून (उभं राहायच्या वरच्या बाजूने) फक्त साल काढा, जाडी कमी करायची ती तळातून. नवखे बरोबर उलट करतात, आणि चार महिन्यांत डेकवर टाचांचे खळगे पडतात.

फर्मा ३ मिलिमीटर प्लायचा, आणि तोही अर्धाच कापा. स्ट्रिंगरला टेकवून एक बाजू आखा, पालथा घालून दुसरी. पूर्ण फर्म्यात डावं-उजवं कधीच जुळत नाही. सर्वांत रुंद जागा मध्यापासून इंच-दीड इंच पुढे. नोजपासून १२ इंचांवर रुंदी १७ आणि टेलपासून १२ इंचांवर साडेपंधरा. करवत रेषेच्या ३ मिलिमीटर बाहेरून चालवा, उरलेलं पॉलिश पेपर लावलेल्या लांब फळीने रेषेपर्यंत आणा, आणि गुण्या लावून कड काटकोनात आहे का ते दर अर्ध्या फुटावर बघा. ही कड तिरकी राहिली तर पुढे दोन्ही रेल (बाजूच्या गोलसर कडा) वेगवेगळ्या येतात आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

इलेक्ट्रिक रंधा एका वेळी मिलिमीटरभरच. नोजपासून टेलपर्यंत न थांबता चालायचं. मध्ये थांबलात की तिथे पायरी पडते. तळ सपाट ठेवा, शेवटच्या फूटभर स्ट्रिंगरकडून कडांकडे किंचित उतार द्या. कॉन्केव्हचा, म्हणजे तळ खोलगट करण्याचा, मोह पहिल्या बोर्डावर टाळा, कापड खळग्यावर तरंगतं आणि खाली रेझिन साचतं. जाडी मध्यापासून टोकांकडे एकसारखी उतरवा, दोन्ही टोकांपासून १२ इंचांवर पावणेदोन इंच.

रेल गोल करायची म्हणून थेट गोल घासू नका. आधी डेककडून एक सपाट उतरती पट्टी पाडा, मग तिच्या बाहेरच्या धारेवर दुसरी, अरुंद आणि जास्त तिरकी. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची रुंदी मोजून जुळवा. रुंदी जुळली की रेल जुळली. मग पट्ट्यांच्या धारा जाळीच्या पॉलिश पेपरने मोडा. मधल्या भागात रेल मऊ, टेलच्या शेवटच्या १२-१४ इंचांत तळाकडची धार टोकदार. हे सगळं बघायला छतावरचा दिवा निरुपयोगी आहे. तो विझवा, बोर्डाच्या उंचीच्या जरा वर दोन्ही भिंतींना ट्यूबलाइट लावा आणि भिंती गडद निळ्या रंगवा. आडव्या उजेडात सावली पडते तिथे खोड असते. स्ट्रिंगर मात्र छोट्या, धारदार रंध्याने फोमबरोबर बसवा. तो केसभर जरी वर राहिला तरी कापडाखाली नोजपासून टेलपर्यंत हवेची शीर धरते.

इथवर चुकलं तर बोर्ड थोडा वाकडा होतो, चालतो. बोर्ड खरोखर वाया जातो तो पुढे. कारखान्यात शेपर (आकार देणारा), ग्लासर (कापड-रेझिन चढवणारा) आणि सँडर (घासणारा) बहुधा वेगवेगळी माणसं असतात ती उगीच नाही.

कापड ३० इंची पन्ह्याचं, तळाला एक थर ६ औंस, डेकला एक ६ आणि एक ४. एकूण सुमारे ७ मीटर. रेझिन दोन प्रकारचं लागतं, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. लॅमिनेटिंग रेझिनमध्ये मेण नसतं, त्यामुळे ते कडक झाल्यावरही वरून चिकट राहतं. ते बिघडलेलं नसतं. पुढचा थर धरावा म्हणून ते तसंच असतं, त्यावर पॉलिश पेपर मारू नका. फिलर कोटच्या, म्हणजे वीण भरणाऱ्या वरच्या थराच्या, रेझिनमध्ये मेण असतं, ते वर येऊन पृष्ठभाग कोरडा करतं. हे न घासता त्यावर कापड घातलंत तर ते पुढे पापुद्र्यासारखं सुटतं. दोन्ही मिळून ४ लिटर पुरे.

हार्डनर २० अंशांना वजनाच्या दीड टक्का, म्हणजे ७०० ग्रॅम रेझिनला साडेदहा ग्रॅम. २८ अंशांच्या वर एक टक्का, त्याखाली जाऊ नका, नाहीतर बोर्ड कच्चा राहतो. गॅरेज १५ अंशांखाली असेल तर काम पुढे ढकला. सिडनीत जुलैची, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातली, रात्र त्याखाली सहज जाते. आधी वाटीभर रेझिन लावून वेळ मोजा, पंधरा मिनिटं हातात हवीत. उन्हाने सेट होणारं यूव्ही रेझिन घेतलंत तर घाई नसते, पण गॅरेजचं दार बंद ठेवा. इथलं ऊन ते काही मिनिटांत पकडतं.

तळ आधी. बोर्ड पालथा ठेवून डेकवर कडेपासून दोन इंच आत मास्किंग टेप लावा. कापड पसरा, दोन इंच डेकवर दुमडेल एवढं सोडून कापा, नोज-टेलच्या वळणांवर व्हीच्या आकाराच्या चिरा द्या. रेझिन मध्यावर ओता आणि स्क्वीजीने (रबरी पट्टीने) बाहेरच्या बाजूला न्या. लटकणारा काठ आधी भिजवा, मग खाली दुमडा. होडीवाल्याचा हात इथे जड पडतो, कारण रोलर आणि भरपूर रेझिनची सवय. इथे रेझिन घालण्यापेक्षा काढणं महत्त्वाचं. पांढरट ठिपका म्हणजे कोरडं, काचेसारखी चकाकी म्हणजे जास्त. कापडाची वीण हलकेच दिसत राहिली की बरोबर. जेल व्हायला लागलं की हात काढा. त्या अवस्थेत एखादा बुडबुडा दाबायला गेलात तर आणखी दहा उठतात. राहिलेला बुडबुडा नंतर कापून भरता येतो.

तळ सेट झाल्यावर डेकवर आलेल्या दुमडीच्या टोकाला कडक दोरे उभे राहतात. डेकचं कापड घालण्याआधी ते पात्याने तासून सपाट करा. हे राहिलं की दुमडीला समांतर पांढरी रेघ दिसते, आणि पुढे पाणी तिथूनच शिरतं.

मग दोन्ही बाजूंना फिलर कोट, रुंद ब्रशने, एकेकीला सुमारे ४०० ग्रॅम. घासणं ८० नंबरपासून सुरू करून १२०, २४० असं वर जा. रेलवर यंत्र नको, हातानेच. तिथे थर सर्वांत पातळ असतो आणि दोन सेकंदांत वीण उघडी पडते. पडलीच तर तेवढ्या जागी पुन्हा फिलर लावा. उघड्या विणीतून पाणी झिरपतं.

फिनच्या खाचा किटबरोबरच्या फर्म्याने पाडा. सहा फुटी बोर्डाला मागची फिन टेलपासून साडेतीन इंचांवर आणि बाजूच्या ११ वर संपतात. तुमच्या लांबीला सगळं अर्धा इंच पुढे घ्या. बाजूच्या फिनचं पुढचं टोक मागच्यापेक्षा पाव इंच स्ट्रिंगरकडे झुकलेलं हवं. दोन्ही बाजूंचा झुकाव वेगळा झाला तर बोर्ड एका अंगाला ओढतो आणि त्यावर नंतर इलाज नसतो.

कुणी स्वस्त ईपीएस फोम, म्हणजे पॅकिंगच्या थर्मोकोलचा भाऊ, सुचवला तर लक्षात ठेवा: पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन तो विरघळवून टाकतं. त्याला इपॉक्सी हे वेगळं रेझिनच लागतं, आणि इपॉक्सीत हार्डनर वाढवून काम लवकर होत नाही; डब्यावर लिहिलेलं प्रमाण तंतोतंत. ईपीएसवर कापड तापमान उतरत असताना, संध्याकाळी घाला. गरम होणाऱ्या फोममधली हवा वर येऊन थरात बुडबुडे धरते. आणि उलट चूक: ईपीएस तापलेल्या तारेने कापतात म्हणून पॉलियुरेथेनही कापायला जाऊ नका, त्याचा धूर विषारी असतो.

मास्क दोन. फोमच्या धुळीला पी-२, रेझिनला वाफ शोषणाऱ्या डब्यांचा. हार्डनर हाताळताना गॉगल हवाच, थेंबभर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. उरलेलं रेझिन डब्यात दाट साचलेलं ठेवू नका, ते तापून धुमसतं. बाहेर काँक्रीटवर पसरून कडक होऊ द्या. सोसायटीचं सामाईक गॅरेज असेल तर हा उद्योग तिथे करूच नका, वास पहिल्याच दिवशी सगळ्या मजल्यांवर पोहोचतो.

बोर्ड आठवडाभर सावलीत सुकू द्या, बंद गाडीत ठेवू नका. पहिल्यांदा नेताना डी व्हाय पॉइंटला नको, तिथली लाट खडकावर जोरात फुटते. कॉलरॉयचं दक्षिण टोक दक्षिणेच्या लाटांपासून आडोशाला आहे. पोहणाऱ्यांसाठी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये कडक बोर्डला बंदी असते. बाहेर आल्यावर बोर्ड कोरडा पुसून दहा मिनिटं उभा ठेवा आणि फिनच्या खाचा, लीशचा (पायाला बांधायच्या दोरीचा) प्लग, दुमडीची रेघ बघा. पुसलेल्या जागी पुन्हा थेंब आला तर तिथे सुईएवढं भोक आहे. फोम पूर्ण वाळल्याशिवाय ते बुजवू नका.