चिपचा नकाशा आणि चिपचं भिंग

सिंहगड रोडवरून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी एस. वाय. बी. एस्सी.ला, विषय फिजिक्स. चिप छापणाऱ्या यंत्रातली भिंगं-आरसे डिझाइन करायचे, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. घरचे म्हणतात, चिपचंच करायचं तर व्हीएलएसआयचा कोर्स लाव, नोकरी लवकर लागेल.

ताई, नमस्कार. आधी ही गल्लत दूर करू. व्हीएलएसआयवाले सर्किटचा नकाशा काढतात. तुमच्या लेकीला तो नकाशा चारपट लहान करून सिलिकॉनवर उमटवणारी यंत्रणा रचायची आहे. त्याला लागतं भौतिकशास्त्र आणि गणित, आणि ती त्याच वाटेवर आहे. तो कोर्स लावलात तर फीही जाईल आणि वर्षही.

काम किती बारीक आहे ते सांगते. 193 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रात प्रतिमा कडेपर्यंत सपाट पडावी लागते. नुसत्या भिंगांनी ते साधायला गेलं की भिंगं अवाढव्य होतात. मध्ये अंतर्वक्र आरसा घातला की प्रतिमेचा बाक उलट दिशेने कापला जातो, शिवाय आरशाने रंग फाकत नाहीत. म्हणून भिंगं आणि आरसे एकत्र नांदतात. पुढच्या पिढीच्या यंत्रांत प्रकाश 13.5 नॅनोमीटरचा. तो काचेतून जात नाही, हवाही त्याला गिळते. तिथे निर्वात पोकळी आणि फक्त आरसे. मॉलिब्डेनम-सिलिकॉनच्या थरांचा उत्तम आरसाही सुमारे 70 टक्केच प्रकाश परत देतो, म्हणजे सहा आरशांनंतर हातात उरतात जेमतेम 12 टक्के. बाकीचा बराचसा आरशांतच मुरतो, आरसा तापतो, त्याचा आकार बदलतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. कॉलेजात असताना मी दुर्बिणीचा सहा इंची आरसा घासला होता, कार्बोरंडम आणि पाणी घालून, महिनोन्‌महिने. आरशाचा आकार तपासणाऱ्या फुकोच्या चाचणीच्या वेळी सरांनी आरशावर अंगठा मिनिटभर टेकवायला लावला. पुन्हा पाहिलं तर त्या जागी टेकडी उभी! निवेपर्यंत आम्ही बसून राहिलो. मुलीलाही एकदा आरसा घासू द्या. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत चौकशी करा.

आता कटू भाग. हे काम पुण्यात नाही. 13.5 नॅनोमीटरच्या यंत्रांचे आरसे जर्मनीत ओबरकोखेनला झाइस बनवते, यंत्र जुळवते नेदरलँड्सची एएसएमएल. लेक दूर जाणार, हे तुम्ही आजच मनाशी धरा. वाट अशी: बी. एस्सी. नीट पूर्ण करणं, मग एम. एस्सी. इथे किंवा जर्मनीत. येना विद्यापीठात फोटॉनिक्सचं एम. एस्सी. इंग्रजीतून होतं. भारतातच राहायचं तर तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत ऑप्टिकल इंजिनिअरिंगचं एम. टेक. आहे. पीएच. डी.ची तयारी ठेवावी, असं माझं स्पष्ट मत. लिथोग्राफीत, म्हणजे चिप छापण्याच्या या क्षेत्रात, जागा मिळाली नाही तरी ही विद्या वाया जात नाही: आदित्य-एल1 यानावरची, सूर्य अतिनील प्रकाशात टिपणारी सूट दुर्बीण आयुकानेच उभी केली.

या सुट्टीत तिने पायथॉनमध्ये एका गोलीय आरशावरून परतणारे किरण काढून पाहावेत, कडेचे किरण मधल्यांना का भेटत नाहीत ते शोधावं. जे सापडेल ते तिनेच मला लिहावं, गणिताचे कोणते पेपर घेतलेत तेही कळवावं.